मिशनची गिरणी

आफ्रिकेत जन्म काढलेली नन भेटली की लोक तिला दोनच प्रश्न विचारतात. सिंह पाहिला का, आणि किती जणांना ख्रिस्ती केलं. पहिल्याचं उत्तर असं, की पाहिला, लांबून, आणि त्याला आमच्यात काडीचा रस नव्हता. दुसऱ्याचं उत्तर असं, की एकालाही नाही. मी पीठ दळत होते.

हे ऐकलं की समोरचा माणूस हिरमुसतो. आमच्या संस्थेच्या आफ्रिकेतल्या सेवेचा सुवर्णमहोत्सव नुकताच छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये झाला आणि नाताळच्या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून "काहीतरी प्रेरणादायी" लिहायला सांगितलं. प्रेरणादायी लिहायला दवाखान्यातल्या आणि शाळेतल्या सिस्टर्स आहेत. माझ्याकडे पट्टा, जाळी आणि कोंडा आहे. चालत असेल तर वाचा.

मी मूळची लासूर स्टेशनची. वडिलांची पिठाची गिरणी होती, बाजाराच्या रस्त्यावर. घर आणि गिरणी यांच्यात एक भिंत. आमच्या भुवया, पापण्या कायम पांढऱ्या, म्हणून शाळेत पोरं मला आणि माझ्या धाकट्या भावाला, शांतवनला, म्हातारा-म्हातारी म्हणायची. इंजिनाचा पुकपुक आवाज जरा बदलला तरी वडील जेवता जेवता हात धुऊन उठायचे. ती खोड मलाही लागली. जातं बोथट झालं की दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं नव्यानं खाचा पाडायच्या. ते काम वडिलांनी मला शिकवलं, कारण शांतवन दगडापेक्षा स्वतःच्या अंगठ्यालाच जास्त टाक्या लावायचा.

पुढं मी नन झाले. संस्थेनं मला शिवणकामाचा कोर्स दिला आणि टांझानियात पाठवलं, तिथल्या मुलींना शिवण शिकवायला. गाव लहान, माती आपल्यापेक्षा तांबडी, भोवताली मका. मिशनच्या आवारात पत्र्याची एक शेड होती. आत काय आहे म्हणून विचारलं तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ते बंद आहे. त्यात कोंबड्या बसतात." दार उघडलं तर आत गिरणी! कुणा परदेशी दात्यानं दिलेली. चालवणारा माणूस शहरात निघून गेला होता आणि इंजिनाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी कोंबड्यांना बाहेर काढलं, डिझेलची टाकी धुतली, पट्टा चढवला आणि हॅन्डल मारलं. तिसऱ्या खेपेला इंजिन बोललं. तो आवाज ऐकून मला लासूरची इतकी आठवण आली, की मी तिथंच पोत्यावर बसून रडले. बाकीच्या सिस्टर्सना वाटलं, हाताला लागलं.

शिवणाचा वर्ग मी पुढं दुसऱ्या सिस्टरला देऊन टाकला. तिचे टाके माझ्यापेक्षा चांगले होते.

गिरणीचं एवढं काय कौतुक, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. तिथल्या बायका मका उखळात कांडत. घरातल्या पोरी आयांच्या बरोबरीनं मुसळ घेऊन उभ्या. कांडून, पाखडून, पुन्हा कांडून होईपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असे. गिरणी सुरू झाली आणि काही दिवसांत शाळेच्या सिस्टर मला म्हणाल्या, की वर्गात मुली वाढल्या. मी एकाही मुलीला शाळेत जा म्हणून सांगितलं नव्हतं. मी फक्त त्यांच्या हातातलं मुसळ काढून घेतलं होतं.

भाषा मात्र मला फार जड गेली नाही. माझ्याबरोबरच्या केरळच्या सिस्टर्स स्वाहिलीच्या नावानं कपाळाला हात लावायच्या. आम्ही पडलो निजामी मुलखातले. सबब, वक्त, किताब, खबर हे शब्द आमच्या तोंडात जन्मापासून, आणि त्यांच्याकडे तेच जरा वळण बदलून. डब्याला तर ते चक्क डेबे म्हणतात, आणि आमचं दळणाचं माप तेच, रॉकेलचा रिकामा डबा. आईला मात्र मामा म्हणतात. सगळं गाव मला मामा म्हणायचं. लासूरला हे कळल्यावर माझ्या भाच्यांनी मला आजतागायत सोडलेलं नाही.

पहिला मोठा घोटाळा माझ्या शहाणपणानं झाला. आपल्याकडे धान्य जसं आहे तसं, कोंड्यासकट दळतात. मी मका तसाच दळला. वर बायकांना कोंडा पोटाला कसा चांगला, यावर पाच मिनिटं ऐकवलं. बायका माना डोलावून गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत. गिरणी सुरू, इंजिन सुरू, आणि गिऱ्हाईक नाही. शेवटी एक म्हातारी आली. तिथं आजीला बीबी म्हणतात. ही बीबी रोझा. तिनं माझ्यासमोर पिठाची मूठ उघडली आणि विचारलं, "मामा, हे तू खातेस?" मी म्हटलं, खाते की. ती म्हणाली, "मग पाहुणे आल्यावर काय वाढतेस?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्यात पीठ पांढरंशुभ्र पाहिजे. आधी मक्याची सालं काढायची, दाणे भिजवायचे, वाळवायचे, मग दळायचं. तपकिरी पीठ वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मी जाळी बदलली, सालं काढायचं यंत्र मिळवलं, आणि पोटाच्या आरोग्याविषयी पुन्हा तोंड उघडलं नाही.

बीबी रोझा माझी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तापदायक गिऱ्हाईक. ती दारू गाळायची नाही, पण नाचणीला मोड आणून त्याची बियर करायची, लग्नाकार्याला, कापणीला. त्यासाठी तिला मोडाची नाचणी भरड दळून हवी. आमचे फादर म्हणाले, मिशनच्या गिरणीत बियरचं धान्य दळायचं नाही. बीबी म्हणाली, "येशूनं लग्नात पाण्याचा द्राक्षारस कशाला केला, ते तुझ्या फादरला विचार." मी विचारलं. फादर म्हणाले, शनिवारी दळा, रविवारी गिरणी धुवा. तेव्हापासून शनिवार बीबीचा.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. माझ्या गिरणीवरच्या दिवसांतला हा सगळ्यात वाईट काळ. बायका यायच्या, पण टोपलीचा तळ झाकेल एवढाच मका. आता गिरणीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. दर दळणामागं थोडं पीठ यंत्राच्या पोटात चिकटून राहतं. डबाभर मका असला तर ते जाणवत नाही. ओंजळभर मका असला तर त्यातला मोठा घास गिरणीच खाते. बाई आपलं पीठ बघते आणि माझ्याकडे बघते. मी चोर नाही हे तिलाही कळतं, पण घरी चार तोंडं असतात.

मी म्हटलं, सगळ्यांचा मका एकत्र ओतू, एकदम दळू आणि मापानं वाटून घेऊ. एकही टोपली पुढं आली नाही. कारण कुणाचा मका नवा, कुणाचा किडका. आपला चांगला दाणा दुसरीच्या किडक्यात कोण मिसळणार? लासूरला आमच्या गिरणीवर बाजरीवर गहू टाकला म्हणून दोन शेजारणींनी वर्षभर बोलणं टाकलं होतं, ते मला आठवलं. तेवढ्यात बीबी रोझा उठली. तिच्याकडं बियाण्याचा राखलेला मका होता, टपोरा, एकसारखा. तिनं तो आधी ओतला. म्हणाली, "आता तुमचा किडका टाका. नाहीतरी मला दात कुठं आहेत." हसता हसता सगळ्यांनी टोपल्या रिकाम्या केल्या. पुढच्या पावसापर्यंत आम्ही तसंच दळलं. भांडणं झाली, नाही असं नाही, पण एकही बाई आपलं वेगळं दळण घेऊन आली नाही. बीबी गेली तेव्हा तिच्या डोक्याशी मी मूठभर मोडाची नाचणी ठेवली. फादरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आता डिझेलचं इंजिन गेलं, वीज आली. गिरणी गावातल्या बायकांचा गट चालवतो. मुसळ सुटल्यामुळं ज्या शाळेत गेल्या त्यातली एक, नीमा, आमच्याच संस्थेत सिस्टर झाली आणि आज तिथल्या सगळ्या घरांची प्रमुख आहे. म्हणजे माझी वरिष्ठ. मिशनच्या भाषेत याला यश म्हणतात: तुमच्यावाचून काम चालायला लागलं, की तुम्ही जिंकलात. हे मी स्वतः नव्या सिस्टर्सना शिकवलंय. पण सकाळी उठून गिरणीकडं जावं आणि तिथल्या बाईनं प्रेमानं स्टूल पुढं करावं, "मामा, तू बस," म्हणावं, तेव्हा त्या स्टुलावर कसं बसायचं ते कुणी शिकवत नाही.

आता सुवर्णमहोत्सवाकडं येते.

त्याआधी आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आम्ही जागा मागत नाही आणि जागा नाकारत नाही. वरिष्ठ विचारतात, "जाल का?" आपण म्हणायचं, "तुम्ही म्हणाल तसं." मनात आनंद असो की धस्स झालेलं असो, उत्तर एकच. रीत चांगली आहे. तिच्यामुळं तर मी गिरणीपर्यंत पोचले. फक्त तिचा एक परिणाम असा, की इतक्या वर्षांनी आम्हाला एकमेकींच्या मनातलं काही म्हणजे काही कळत नाही.

समारंभासाठी नीमा आणि मी इथं आलो. परतीचं तिकीट काढलेलं होतं. आमच्या इथल्या प्रमुख मदर क्लारा, वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं लोण्यासारख्या. त्या मला न्याहाळत होत्या. मी क्रांती चौकात जाऊन नीमाला उसाचा रस पाजत होते, स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, दिसेल त्याच्याशी मराठीत बोलत सुटले होते. त्यांनी विचारलं, "सिस्टर, इथं बरं वाटतंय ना?"

"लई बरं वाटतंय, मदर."

"तुमचे गुडघे दुखतात. आता विश्रांती हवी, असं नाही वाटत?"

मला वाटलं, ह्यांना मला इथं ठेवायचंय. त्यांना वाटलं, हिला इथं राहायचंय आणि ही मागणार नाही. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." बस्स. एवढ्या तीन शब्दांत माझा निकाल लागला.

समारंभाच्या दिवशी मला शाल आणि नारळ देऊन झाल्यावर मदर माइकवर म्हणाल्या, "आणि आज एक खास भेट. सिस्टर आता परत जाणार नाहीत. त्या कायमच्या आपल्या घरी राहतील, हव्या तेव्हा लासूरला भावाकडेही जातील." टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेत माझा भाऊ शांतवन डोक्यावर हात उंचावून टाळ्या वाजवत होता, सत्तरीकडं झुकलेला माणूस. मी हसले. काय करणार? नारळ हातात होता.

खाली उतरल्यावर नीमानं मला कोपऱ्यात गाठलं. "मामा, तू राहायला हो म्हणालीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मग सांग त्यांना."

"आपल्यात सांगत नाहीत, नीमा. तू प्रमुख आहेस, तुला ठाऊक आहे."

"मी प्रमुख आहे म्हणूनच मला मागता येत नाही," ती म्हणाली. "मी मागितलं तर कामासाठी मागितलं असं होईल. आणि कामाला तर तू आता लागत नाहीस." तिचे डोळे भरले होते. माझा राग कुणावर होता ते मला कळेना, म्हणून मी तो नारळावर काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन फोडला.

दुसऱ्या दिवशी शांतवन मला लासूरला घेऊन गेला. घरात शिरल्या शिरल्या त्यानं मागची खोली उघडली. नवा रंग, नवा पलंग, भिंतीवर क्रूस. आणि गिरणीकडच्या भिंतीत एक नवीकोरी खिडकी.

"भिंत फोडून केली," तो म्हणाला. "लहानपणी गिरणी बंद पडली की तुला झोप यायची नाय. ध्यानात हाय माझ्या. आता पडल्या पडल्या आवाज यील."

मी पलंगावर बसले आणि मला रडू फुटलं. त्याला आधी वाटलं, आनंदानं. तो हसत उभा राहिला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. तो खाली, माझ्यासमोर फरशीवर बसला.

"आक्का, तुला ऱ्हायचंय का इथं? खरं सांग."

नन झाल्यापासून मला "जाल का" असं पुष्कळदा विचारलं होतं. "तुला काय पाहिजे" असं विचारणारा हा पहिलाच. मला वाटलं, उत्तर द्यायला वेळ लागेल. नाही लागला.

"नाय रं," मी म्हटलं.

त्यानं एकदा त्या खिडकीकडं बघितलं. मग उठला, टोपी घातली. "चल. मदरला सांगू."

"अरे, आपल्यात तसं सांगत नाहीत."

"तुमच्यात नाय सांगत. आमच्यात सांगत्यात. चल."

त्या दुपारीच आम्ही परत आलो. शांतवन मदरच्या खोलीबाहेर बाकावर बसला. आत मी उभीच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "मदर, मला परत जायचंय."

मदर क्लारा पांढऱ्या पडल्या. "पण सिस्टर, दर खेपेला तुम्ही इथनं ज्वारीचं पीठ बांधून नेता. मला वाटलं, जीव इकडंच अडकलाय."

"पीठ इथलं लागतं, मदर. पण भाकरी खायला मला तिथं बसायचं असतं."

मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं, आमच्याकडे माणूस कामासाठी पाठवतात, "गिरणी आता गावच्या बायका चालवतात. तुम्ही तिथं काय करणार?"

रस्ताभर मी उत्तरं जुळवली होती. शिवण शिकवीन, मुलांना प्रार्थना शिकवीन, बागेचं बघीन. त्या खोलीत त्यातलं एकही खरं वाटेना.

"काही नाही, मदर," मी म्हटलं. "म्हातारी होईन."

मदर आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मीही सांगायला हवं होतं. नीमाला बोलावून त्यांनी माझ्यासमोर विचारलं, यांना कामाशिवाय ठेवाल का. नीमा म्हणाली, "आमच्याकडे म्हाताऱ्या आईला काम विचारत नाहीत." स्वाहिलीतलं ते वाक्य मदरना मराठीत मलाच सांगावं लागलं.

बाहेर आले तर शांतवन बाकावर तसाच बसलेला. माझ्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं. तो सरकला, मी शेजारी बसले.

"तिकडंच माती व्हायची मंग तुझी?"

"व्हय."

"आईबापाजवळ नाय."

"नाय."

त्यानं मान हलवली, गिऱ्हाइकाचा भाव मान्य करतात तशी. खोलीचं काय करणार, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.

नीमा पुढं गेली. माझ्या व्हिसाची काही कागदं नव्यानं करावी लागताहेत, म्हणून मी अजून इथं आहे. शांतवन रोज दुपारची गिरणी बंद ठेवून लासूरहून गाडीनं येतो. माझ्यासमोर बसून शेंगा सोलतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. काल मदर क्लारा त्याला म्हणाल्या, "शांतवनभाऊ, या उन्हात रोज कशाला येता? फोनवर बोलत जा की."

"हिच्या मातीला मला येता यायचं नाय, मदर," तो शेंगांवरची नजर न उचलता म्हणाला. "म्हणून आत्ताच येऊन घेतो."